चहाची शपथ

पिंपळवाडी, ता. संगमनेर
१५ जानेवारी २०२५

सौ. सृष्टी हिस,

तुमचं पार्सल काल ऐन संक्रांतीला पोचलं. पोस्टमनने सही मागितली, ती तुझ्या आईने केली. मी केलेली नाही, याची नोंद घ्यावी.

हे पत्र बघून तुला वाटेल, अण्णा विरघळले. तसलं काही नाही. दोन वर्षांपूर्वी चिखलदऱ्याला तुझ्या सासरच्या ओसरीवर मी म्हणालो होतो की यापुढे तुझ्याशी बोलणार नाही. लिहिणार नाही असं म्हणालो नव्हतो. मी शब्दाचा माणूस आहे. जेवढं बोलतो तेवढं पाळतो, जास्त नाही आणि कमी नाही. उभा जन्म डेअरीत दुधाचा फॅट काढण्यात गेला, पण सोयऱ्याधायऱ्यांच्या दुधालासुद्धा कधी एक पॉइंट वाढवून लावला नाही. तू त्याच माणसाची लेक आहेस, विसरली असशील तर आठवण करून देतो.

पार्सलात तिळगूळ निघाला आणि एक खाकी पुडा. पुड्यावर तुझ्या अक्षरात लिहिलंय, ‘सेंद्रिय कॉफी. सावलीत वाढलेली, हाताने वेचलेली.’ सावलीत तर आपल्या मोरीमागचं अळूही वाढतं, त्यावर आम्ही कागद चिकटवत नाही. तिळगूळ तुझ्या आईने खाल्ला. मी एकच वडी खाल्ली, सणाला नाही म्हणू नये म्हणून. कॉफी मात्र आम्हाला नको. तिकडे जाणारं कुणी भेटलं की पुडा परत पाठवीन.

का नको, ते तुला माहीत आहे. तरी एकदा कागदावर असू दे. लग्नानंतर पहिल्यांदा लेकीच्या घरी आलो. घाट चढून पाठ मोडलेली. ओसरीवर चार माणसं बसलेली, शेजारी व्याही, आणि तू कपबशी पुढे केलीस. आत काळं पाणी. दुधाच्या माणसापुढे बिनदुधाचा कप! आपल्याकडे कोरा चहा कुठल्या घरी देतात, हे तुला शिकवायला नको. मयताच्या घरी देतात. तुझा नवा संसार, नवं घर, आणि पहिल्याच भेटीत बापाच्या हातात सुतकाचा कप. मी तोंड न लावता उठलो आणि जे बोलायचं ते बोलून आलो.

पुढे तुझी आई म्हणाली, तो चहा नव्हताच, तुमच्याच झाडांची कॉफी होती आणि ती म्हणे अशीच पितात. असेल. कॉफी मीही प्यालोय. लग्नाकार्यात मिळते, दाट दुधातली, जायफळ लावलेली. ती काळी असते असं मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तूही सांगितलं नाहीस. उलट चारचौघांत माझ्यावरच ओरडलीस, ‘आधी तोंड तरी लावा!’

रेंजसाठी परतवाड्याला उतरलीस की आईला फोन करतेस, तो मला ऐकू येत नाही असं तुम्हा दोघींना वाटतं. चौथा महिना लागल्याचं कळलं. जपून राहा, असं तुझी आई म्हणते. आपली चंद्रीही गाभण आहे. चंद्री म्हणजे म्हैस, तू गेल्यावर घोडेगावच्या बाजारातून आणली. चैत्रात व्यायची आहे.

कळावे.
गहिनीनाथ

२८ जानेवारी

सृष्टी हिस,

पुडा परत न्यायला अजून कुणी मिळालं नाही. या थंडीत मेळघाटात कोण कशाला जातंय.

दरम्यान एक तक्रार आहे. पुडा फडताळात ठेवला, तर त्याचा वास अख्ख्या घराला लागला. साखरेला लागला, पिठाला लागला, परवा तर बाजरीच्या भाकरीलाही लागल्यासारखा वाटला. रविवारी गोरक्षनाथकाकाने रानात हुरडा केला होता. गरम हुरडा, लसणाची चटणी, सायीचं दही आणि वर बोरं. त्याबद्दल वेगळं लिहायला हवं, पण तुझ्या तोंडाला पाणी सुटेल म्हणून लिहीत नाही. सांगायचं एवढंच की तिथे काका मला हुंगून म्हणाला, “आन्ना, सदऱ्याला कसला वास मारलाय वो? लई भारी हाय.” आता या वयात मला असल्या गोष्टी ऐकाव्या लागतात.

तुला माहीतच आहे, कॅनचं झाकण उघडलं की म्हशीने काल काय खाल्लं ते सांगणारं हे नाक आहे. त्याला गप्प बसवणं माझ्या हातात नाही. म्हणून पुड्याला मुंगी लागली की काय, एवढंच बघायला मी तो उघडला. मुंगी नव्हती. वास मात्र आधी भाजक्या शेंगदाण्याचा आला, मग गुऱ्हाळाचा, आणि अगदी शेवटी, भिजवलेल्या वाफ्यातून येतो तसला काहीतरी. मी दोरा बांधून ठेवून दिला. दोरा नीट बसलाय का, ते बघायला संध्याकाळी पुन्हा उघडला.

हे तुझ्या आईने पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिने चहाचंच आधण ठेवून त्यात ती पूड लोटली, आलं ठेचून टाकलं, मूठभर साखर, आणि खळखळून उकळलं. पहिल्याच घोटाला दातांत चोथा आला. “लेकीनं माती धाडली का काय?” असं ती म्हणाली. मी म्हणालो, माल चांगला आहे, करणारी चुकली. त्या दिवसापासून माझ्या आमटीत मीठ कमी पडतंय.

तेव्हा, केवळ माहितीसाठी विचारतो, हा पदार्थ करतात कसा, ते लिहून पाठवावं. करायचा आहे असा अर्थ काढू नये.

गहिनीनाथ

१४ फेब्रुवारी

चि. सृष्टीस,

तुझं पत्र मिळालं. चार ओळींत कृती आणि खाली ‘अण्णा, तुम्ही बरे आहात ना?’ एवढंच. शब्दांच्या बाबतीत इतकी कंजूष तू कुणावर गेलीस ते मला कळतं, म्हणून पुढे बोलत नाही.

बरा आहे. गुडघा थंडीत कुरकुरतो.

तुझ्या कृतीप्रमाणे पाणी उकळून खाली उतरवलं, जरा थांबलो, पूड टाकली, झाकण ठेवलं. गाळायचा प्रश्न आला. चहाच्या गाळणीतून चोथा उतरतो. डेअरीतून निवृत्त होताना मिळालेली शाल कुठे गेली, मला ठाऊक नाही. पण दूध गाळायचं मऊ फडकं मी जपून ठेवलं होतं. ते स्वच्छ धुऊन काढलं. त्यातून अशी निवळ धार आली की मला डेअरीतली सकाळ आठवली. मग चंद्रीचं दूध तापवून, सायीसकट, घातलं. जायफळाचा मोह झाला, पण घातलं नाही.

पहिला कप तुझ्या आईला दिला. विषाची परीक्षा म्हणून नव्हे, खरंच दिला. ती भाकरी थापत होती. माझ्या हातात कप बघून म्हणाली, “आज सूर्य कुनीकडनं उगावला म्हनायचा?” मी म्हणालो, बस आधी. तर बसेचना, तवा तापलाय म्हणाली. तवा मी उतरवून ठेवला. मग बसली. दोन्ही हातांत कप धरून, भिंतीला टेकून, सावकाश प्यायली. मधेच डोळे मिटले. सृष्टी, इतकी वर्षं ही बाई चहा उभ्यानेच पीत आलीय, हे त्या दिवशी माझ्या ध्यानात आलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळची कॉफी मी करतो. ती बसून पिते. भाकऱ्या जरा उशिरा होतात, पण कुणाला कुठे जायचंय.

कॉफीबद्दल विचारशील तर, बरी आहे.

बेंजामिन सर तुला आठवतात ना, तुमच्या शाळेत गणिताला होते, मूळचे श्रीरामपूरचे? सकाळी फिरायला निघतात ते पूर्वी आपल्या घरावरून सरळ जायचे. आता फाटकाशी त्यांचा वेग मंदावतो. परवा तर आत आले आणि म्हणाले, “गहिनीनाथ, तुमच्या घरात काय शिजतंय ते सांगा, नाहीतर मी इथून हलणार नाही.” तेव्हापासून येतात. येताना त्यांच्या बायकोने, सिल्व्हियाबाईंनी केलेला रव्याचा केक आणतात, वरून खरपूस, आत मऊ. तो कॉफीबरोबर फार छान लागतो. आम्ही तिघं ओट्यावर उन्हात बसतो आणि गावाची उणीदुणी काढतो.

पुडा परत पाठवायचा विचार तूर्त लांबणीवर टाकला आहे. फोडलेला माल कुणी परत घेत नाही.

अण्णा

(मागच्या बाजूला, वेगळ्या अक्षरात)

सृष्टे, ह्यांनी पाकीट डकवायला दिलं मनून मी लिवते. बरी हाय बरी हाय काय, दिसातनं तीनदा करत्यात. पुडा तळाला गेलाय तर तोंड बारीक करून बसल्यात. आनखी धाड. मी सांगितलं म्हनू नको. रातीला तुजं जुनं पत्र घेऊन बसत्यात, ते बी सांगितलं म्हनू नको. वाकून काम करू नको. आई.

५ मार्च

चि. सृष्टीस,

दुसरा पुडा मिळाला. मी मागवलेला नव्हता, पण दारी आलेला माल नाकारणं बरं नव्हे.

सेंद्रियवरून मी तुझी थट्टा केली होती. ती मागे घेतो. सगळी नाही, अर्धी. त्याचं कारण चंद्री आहे. मध्यंतरी तिला आठवडाभर विकतच्या पेंडीवर ठेवलं होतं, तर कॉफीची चव उतरली. पुन्हा कडबा आणि बांधावरचं गवत सुरू केलं, चव जागेवर आली. म्हशीच्या तोंडात जे जातं ते दुधात उतरतं, हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो. मग झाडाच्या मुळाशी जे घालाल ते बीत उतरणारच, हे मला कुणी सांगायला नको होतं. तू शेणखत आणि पालापाचोळा घालतेस, फवारणी करत नाहीस, आणि पक्ष्यांनी खाल्लेली फळं गेली म्हणून रडत नाहीस, हे चांगलं करतेस. राहुरीला शेतकी शिकायला पाठवलं ते वाया गेलं असं मी एकदा म्हणालो होतो. ते चुकीचं होतं. चोथा मी कढीपत्त्याच्या बुंध्याशी टाकतो. काय तरारलाय म्हणून सांगू.

आता मुख्य मुद्दा. त्यासाठीच पत्र लिहायला बसलो आणि वर उगाच म्हशीचं लिहीत राहिलो.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत आहे. सातव्या महिन्यात तुला आणायची, हेही ठरलेलं. तुझ्या आईने खोली सारवून, बाजेला नवी नवार घालून ठेवलीय. आणि तू लिहितेस, ‘अण्णा स्वतः न्यायला आले तरच येईन.’ वर जावई हर्षलरावांनी लिहिलंय की तुमच्याकडे लेक न्यायला आलेल्या माणसाने चहापाणी घेतल्याशिवाय लेक उंबरा ओलांडत नाही, आणि अमृतराव व्याही याबाबतीत ऐकत नाहीत.

अगं, मी त्या घरात काही घेणार नाही म्हणून चारचौघांदेखत बोलून आलोय. येऊ कसा? आलो, आणि कपाला हात लावला नाही, तर व्याह्यांचा अपमान आणि तू तिथेच. हात लावला, तर माझा शब्द गेला. डेअरीत ज्यांना मी आयुष्यभर नियम दाखवले ते हसतील. ते हसले तरी चालेल एकवेळ, पण मलाच माझं तोंड दाखवता येणार नाही.

म्हणून सुचवतो की गोरक्षनाथकाकाला पाठवतो. माणूस चांगला आहे, कुठेही काहीही पितो.

अण्णा

१७ मार्च

सृष्टे,

तुझं कार्ड मिळालं. ‘काकांना पाठवू नका. अण्णा आले तर येईन, नाहीतर परतवाड्याचा दवाखाना चांगला आहे.’ आणि खाली, जणू काही झालंच नाही अशा थाटात, ‘खरवस खावासा वाटतो.’

दवाखाना चांगला असेल. तिथे खरवस मिळतो का, विचार.

तुला डोहाळे लागावेत तेही खरवसाचे, आणि इथे चंद्री व्यायला झालेली. पहिल्या चिकाचा खरवस, गूळ आणि वेलदोडा घालून, वड्या हलवल्या की थरथरतात तसला. तो काही फ्रीजमध्ये ठेवून वाट बघत बसत नाही. तुझी आई चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवत तिला सांगते, “बाई, जरा दमानं घे. माझी लेक यिऊ दे.” म्हैस ऐकते. घरातलं दुसरं कुणी ऐकत नाही, असं ती मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणते.

होळीला तिने पोळ्या केल्या, कटाची आमटी केली, ताटभरून वाढलं आणि एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉफी केली. तिचा कप ओट्यावर ठेवला. तो तसाच राहिला. तिसऱ्या दिवशीही तसाच. वर साय धरली, माशी बसली. न प्यायलेला कप एवढा वाईट दिसतो, हे मला ठाऊक नव्हतं. मी तो उचलून ओतायला गेलो आणि ओतवेना.

शेवटी मीच म्हणालो, “बाई, भांड, पण कप घे.” तेव्हा ती बोलली. आणि काय बोलली ते जसंच्या तसं लिहितो:

“तुमी दोन वर्सं काय शपत शपत करताय? मी तिथंच हुते. ‘ह्या घरचा चहा जलमात घेनार न्हाई’, आसं म्हन्ला हुता तुमी. चहा म्हन्ला हुता. पानी म्हन्ला न्हाई, जेवन म्हन्ला न्हाई. उगं आपली शपत फुगवून बसलाय.”

मी म्हणालो, असं कसं, मी ‘काही घेणार नाही’ म्हणालो होतो. ती म्हणाली, “मग इचारा की व्याह्यांला.” आणि तिने तो गार कप उचलला, साय बाजूला केली आणि पिऊन टाकला.

तेव्हा ही रीतसर विनंती समजावी. त्या दिवशी ओसरीवर मी नेमके कोणते शब्द उच्चारले, हे तुला, हर्षलरावांना आणि विशेषतः अमृतराव व्याह्यांना आठवत असेल, तर लिहून कळवावं. माझ्या बाजूने कुणी झुकू नये. फॅट जेवढा निघेल तेवढाच लावायचा.

उत्तर लवकर पाठव. चंद्रीची कास भरत चाललीय.

तुझे अण्णा

२ एप्रिल

माझ्या सृष्टे,

व्याह्यांचं पत्र आलं. ओट्यावर तुझी आई आणि बेंजामिन सर यांच्यासमोर मोठ्याने वाचलं. असं पत्र मला जन्मात आलं नव्हतं, म्हणून तुलाच पुन्हा लिहून पाठवतो. तुझ्या सासऱ्यांनी ते तुला दाखवलं नसणार, त्यांच्या मिशीतल्या मिशीत हसण्यावरून ओळखतो मी त्यांना.

‘भाऊ, तुम्ही चहाच म्हटलं होतं. म्या माह्या कानानं आयकलं. पन आमच्या घरी चहा करतच नाही ना कोनी. बापाच्या वेळेपासून कॉफीच हाय. मंग तुमची शपथ मोडते कशी? या, लेकीले घेऊन जा. आनि मागच्या बारीचा कप बाकी हाय तुमचा, तेवढा घ्या.’

म्हणजे बघ. ज्या घरात चहा होतच नाही, त्या घरचा चहा न पिण्याची शपथ मी दोन वर्षं निष्ठेने पाळली. बेंजामिन सर इतके हसले की केकचा घास घशात अडकला आणि त्यांच्या पाठीवर थोपटावं लागलं. तुझी आई पदर तोंडाला लावून आत पळाली. मीही हसलो. एवढं हसून डोळ्यांत पाणी येतं, तसं आलं. सगळं हसण्याचंच होतं असं मात्र म्हणणार नाही.

तेव्हा आम्ही येतोय. शनिवारी नाशिकरोडहून गाडीत बसू, रविवारी दुपारपर्यंत घाट चढून तुमच्या दारात. सारवलेली ओसरी तीच असेल ना?

आता एक गोष्ट सांगतो. तिकिटावर काढल्याची तारीख असते, आणि तू कागद वाचणारी मुलगी आहेस, तेव्हा तुझ्या नजरेला ती पडणारच. त्यापेक्षा मीच सांगतो. ही तिकिटं मी होळीच्या आधी काढली आहेत. शब्दांचा खल, साक्षीपुरावे, व्याह्यांना विनंती, हे सगळं नंतरचं. जायची दोन काढली आणि यायची तीन. तुझा बर्थ खालचा द्या म्हणून खिडकीवरच्या माणसाला दोनदा बजावलं. व्याह्यांनी उलट साक्ष दिली असती तरी मी येणार होतो. शब्द गेला असता तर गेला असता. मला माझी लेक हवी आहे, सृष्टे. तुझ्याशिवाय या घरात नुसता वास चांगला येतो, बाकी काही नाही.

हे तुझ्या आईला अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतंय, तिच्या वकिलीने केस जिंकली. तिला तसंच वाटू दे.

आणखी एक. चंद्री व्यायच्या आधी आटली, तेव्हापासून घरात दूध शेजारच्या गाईचं. चहाला चालतं, पण कॉफीत ते पाण्यासारखं लागतं. एका सकाळी मी नुसतीच गाळली आणि तशीच घेऊन बसलो. तुझी आई ओरडली, “आवो, घरात सुतक हाय का? टाका त्यात थोडं दूध!” मी म्हणालो, जरा थांब. पहिला घोट कडू. दुसऱ्याला जांभळासारखी तुरट. मग कप जरा निवला आणि तळाशी गोडी लागली, साखर नसलेली गोडी. ती इतके दिवस कुठे होती? होती तिथेच, मीच रोज तिच्यावर दूध ओतत होतो. दूध चव वाढवतं, असं मी जन्मभर सांगत आलो. ते झाकतंही, हे दुधाच्या माणसाने लिहून द्यावं, यावरून काय ते समज. त्या दिवशी ओसरीवर तू मला सगळ्यात चांगलं जे होतं ते देत होतीस. स्वतःच्या हाताने लावलेलं, वेचलेलं, भाजलेलं. आणि मी कपात सुतक बघत होतो.

तुला सध्या कॉफी जपूनच, असं डॉक्टर म्हणाले ना? मग तुझ्या वाटची मी पितो. तू खरवस खा. चंद्री अजून थांबलीय, सकाळीच तिच्या कानात सांगून आलो, मंगळवारपर्यंत धीर धर. सिल्व्हियाबाईंनी रव्याचा केक दिलाय, तो व्याह्यांसाठी. कढीपत्त्याची फांदीही आणतोय, तुझ्याच कॉफीवर वाढलेली आहे.

राहता राहिली दुसरी शपथ. तुझ्याशी बोलणार नाही असंही मी म्हणालो होतो. ते नक्की म्हणालो होतो, साक्षीदार नको, मलाच आठवतंय. त्यावर तुझ्या आईला तोड सापडलेली नाही, बेंजामिन सरांनाही नाही. म्हणून ती मी सरळ मोडणार आहे. तुमच्याच ओसरीवर, चारचौघांदेखत. पहिलं काय बोलायचं, तेही ठरवून ठेवलंय, कारण ऐन वेळी मी भलतंच काहीतरी बोलून बसेन याचा मला भरवसा आहे.

मी त्याच जागी बसेन. तू कप घेऊन येशील. शेजारून कुणीतरी दुधाचं भांडं पुढे करील, पाहुण्याचा मान म्हणून. तेव्हा मी तुझ्याकडे बघून म्हणेन:

“दूध नको.”

तुझे अण्णा